शून्यांवर घेतलेली परीक्षा

रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल बराच वेळ न लागलेली पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवतो. पण डिस्क रॅमच्या तुलनेत फार संथ. लिनक्समधला 'झेडरॅम' हीच पाने दाबून लहान करतो आणि रॅममध्येच ठेवतो. नितीन गुप्ता यांनी 'कॉम्पकॅश' या नावाने हे काम सुरू केले. २०१३च्या अँड्रॉइड ४.४ने ५१२ एमबी रॅमच्या फोनसाठी त्याचा आधार घेतला, तर २०२० साली फेडोरा ३३मध्ये तो आपसूक सुरू असू लागला.

इतक्या यंत्रांवर चालणारी ही सोय तपासायची कशी? कर्नलसोबत येणाऱ्या चाचण्या झेडरॅमवर फाइल सिस्टिम उभारतात, स्वॅप सुरू करून बंद करतात. हे आवश्यकच आहे, पण मला ते अपुरे वाटते. झेडरॅमचे आभासी उपकरण शून्यांनी भरले की दाबण्याचे आकडे डोळे दिपवतात, आणि फसगत होते ती इथेच. ४ केबीच्या पानात एकच मूल्य पुन्हापुन्हा आले असेल, तर झेडरॅम ते दाबतच नाही. फक्त ते मूल्य नोंदवून मोकळा होतो. म्हणजे एलझेड४ किंवा झेडस्टँडर्ड या दाबण्याच्या पद्धतींची परीक्षा झालीच नाही! उलट, निव्वळ यादृच्छिक बाइट दिले तर पान दबत नाही आणि पूर्ण आकारात साठते. खऱ्या ॲपचा डेटा या दोन टोकांच्या मधला असतो. चाचणीतही तसाच हवा.

झेडरॅमच्या 'एमएम_स्टॅट' फाइलमध्ये मूळ आकार, दाबलेला आकार आणि प्रत्यक्ष व्यापलेली रॅम असे वेगवेगळे आकडे मिळतात. हिशेब तिसऱ्याचा करावा, कारण साठवणुकीत वाया जाणारी जागा त्यातच दिसते.

सर्वांत अवघड चाचणी टंचाईची. दाबलेले पान ठेवायलाही रॅम लागते, आणि ती मागितली जाते नेमकी रॅम संपत आलेली असताना. म्हणून प्रोग्रॅमला कर्नलच्या 'सीग्रुप' या सोयीने मेमरीची मर्यादा घालावी, तिच्यापेक्षा जास्त पाने अनेक थ्रेडमधून लिहावीत, प्रत्येक पानावर त्याचा क्रमांक कोरावा आणि नंतर एकेक बाइट पडताळून पाहावा. त्याच वेळी कर्नल ४.२०पासून मिळणारे 'पीएसआय'चे आकडेही पाहावेत. मेमरीसाठी कामे किती वेळ खोळंबली, ते त्यांतून कळते. दाबण्याचे गुणोत्तर उत्तम आणि खोळंबाही मोठा, असे दोन्ही एकाच चाचणीत दिसू शकते.