जपलेले गेले, वाटलेले उरले

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून माळे उपसले जातात. जुनी पातेली, मोडका पाळणा, मुलांच्या वह्यांचे गठ्ठे यांच्याबरोबर एखादी कॅसेटींची पिशवी किंवा तबकड्यांचे खोकेही खाली येते. "आता हे वाजवायला घरात यंत्रच नाही," असे कोणीतरी म्हणते आणि ती पिशवी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊन पडते. त्या पिशवीला दारातच अडवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मात्र वाचकांस काही सांगण्यापूर्वी मला माझी स्वतःची एक चूक कबूल करावयास हवी.

माझे धाकटे मामा मुंबईस दादरला राहत. १९७१ च्या सुमारास, महाविद्यालयात असताना, त्यांनी व त्यांच्या तीन मित्रांनी मिळून एक बँड काढला होता. दोन इलेक्ट्रिक गिटारी, एक ड्रमचा संच आणि एक उसना आणलेला ध्वनिवर्धक, एवढाच त्यांचा संसार. ज्या घरात पहाटे आजोबांची संध्या व सायंकाळी आजीचा हरिपाठ चाले, त्याच घरातील मुलगा मानेवर केस रुळवीत इंग्रजी रॉक गाणी म्हणू लागला, तेव्हा केवढे प्रकरण झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. दोन वर्षांत बँड मोडला. मामा बँकेत नोकरीस लागले आणि केसही कापले गेले. मागे उरली ती एका मित्राच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झालेली एक तालीम. सुमारे पस्तीस मिनिटांची ती फीत. त्यात आधी चार इंग्रजी गाणी आणि शेवटी मामांनीच रचलेले, सात मिनिटांचे एक मराठी गाणे.

१९८६ साली, मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना, मामा 'फ्लाइंग राणी'ने सुरतेस आले ते त्या फितीची कॅसेट खिशात घालूनच. मला म्हणाले, "हे तुझ्याकडे असू दे. ऐकत जा, आणि कोणी मागितले तर उतरवून दे." पहिली आज्ञा मी मनोभावे पाळली. दुसरी पाळली नाही.

रॉक संगीत आणि आपली मराठी घरे यांचा संबंध काय, असे पुष्कळांस वाटेल. गिटार आणि ड्रमच्या जोरावर, ताठ ठेक्यात, मोकळ्या गळ्याने गावयाचे हे संगीत अमेरिका व इंग्लंडमधून आले, हे खरे. परंतु एक उदाहरण देतो. 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' या बबन प्रभूंच्या फार्सांनी महाराष्ट्राला पोट धरून हसविणारे आत्माराम भेंडे कोणाला ठाऊक नाहीत? त्यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या रॉक संगीतातील अग्रगण्य गायक होते. 'वेल्व्हेट फॉग' या बँडमधून ते गात. ॲलेक पदमसी यांनी रंगभूमीवर आणलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेला 'तीन पैशाचा तमाशा' पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केला. त्यात लावणी आणि नाट्यगीत यांच्या शेजारी नंदू भेंडे यांच्या गळ्यातून रॉकही मराठी रंगभूमीवर येऊन बसला. २०१४ साली ते निवर्तले. आज त्यांचे नाव पन्नाशीच्या आतील किती मराठी माणसांना ठाऊक असेल?

हीच कथा त्या काळच्या बहुतेक वाद्यवृंदांची आहे. सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनी 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरवीत असे. शिलाँगचे 'फेन्टोन्स', बंगळूरचे 'डायनोसॉर्स' यांसारखे देशाच्या कानाकोपऱ्यांतील तरुण तीत उतरत. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या स्पर्धकांच्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या आणि विस्मृतीत गेल्या. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ साली निघाली, तिचेही तेच झाले. कालांतराने सिमला बीटच्या तबकड्या जर्मनीत पुन्हा निघाल्या, तर 'ॲटॉमिक फॉरेस्ट'चे संगीत २०११ साली एका अमेरिकन कंपनीने नव्याने प्रसिद्ध केले. आपल्या मुलांचे संगीत परदेशी रसिकांनी शोधून काढावे आणि ते आपण त्यांच्याकडून विकत घ्यावे, हा योग विलक्षण खरा. पण त्यात एक धडा आहे. कोणीतरी मूळ प्रत जपली आणि वेळ येताच ती दुसऱ्याच्या हाती दिली, म्हणूनच हे घडू शकले.

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी तर कोणाची वाटच पाहिली नाही. १९८४ साली त्यांनी 'गोअन क्रेझी' हा गीतसंग्रह शिवोली येथील आपल्या राहत्या घरी मुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. संगीत ऐकणाऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवावे लागते, ही गोष्ट त्यांनी वेळीच ओळखली होती.

मी मात्र उलट वागलो. त्या काळी आमच्या सुरतेत गल्लोगल्ली कॅसेटी भरून देणारी दुकाने होती. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की दोन दिवसांत काम होत असे. मामांच्या कॅसेटची दुसरी प्रत करण्यास तीसएक रुपयांपलीकडे खर्च आला नसता. परंतु फीत झिजेल, दुकानदार हरवील, अशा शंका मनात येत. आज प्रामाणिकपणे पाहिले तर त्या सबबी होत्या. जे कोणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, या भावनेची एक गोडी असते आणि तीच मला सोडवत नव्हती. १९९८ साली मामा वारले. दादरचे घर आवरताना मूळ स्पूल कोठे गेले ते कळले नाही. २००३ साली आमच्या शाळेतील एक तरुण शिक्षक, जे पेटी आणि गिटार दोन्ही वाजवीत, मला म्हणाले, "सर, एकदा द्या ना ती कॅसेट. उतरवून दुसऱ्या दिवशी परत आणून देतो." मी हसून विषय बदलला.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजणमधील आमचे घर तळमजल्यावर. आम्ही जिवानिशी वरच्या मजल्यावर गेलो. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तेव्हा कपाट आडवे पडलेले होते आणि सर्वत्र गाळ साचला होता. कॅसेट सापडली, पण कशी? फितीच्या वेटोळ्यांत चिखल बसलेला. घाईघाईने मी ती उन्हात वाळविली आणि घरातील यंत्रात घातली. क्षणभर खरखर झाली आणि फीत तुटून यंत्रात गुंतली. तेही हातचे गेले.

मामांची मुलगी त्यांच्या निधनसमयी आठ वर्षांची होती. वडिलांनी तरुणपणी गाणी म्हटली होती, एवढेच तिला ऐकून ठाऊक. पुढच्या वर्षी ती सुट्टीत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, बाबांची कॅसेट लाव ना." तिला काय उत्तर द्यावे हे मराठीत एम. ए. झालेल्या माझ्यासारख्या माणसाला सुचले नाही.

२००९ साली बडोद्याहून एक पाकीट आले. मामांचे बँकेतील एक जुने सहकारी निवृत्तीनंतर तेथे स्थायिक झाले होते. त्यांनाही मामांनी पूर्वी कॅसेट ऐकावयास दिली होती आणि त्यांनी तिची प्रत करून ठेवली होती. त्यांनी ती कसलाही आढेवेढा न घेता पाठविली. मात्र साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीसच मिनिटांची असते, आणि दुसऱ्या बाजूवर त्यांच्या पत्नीच्या आवडीची भावगीते होती. ती पुसण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. त्यामुळे चार इंग्रजी गाणी पूर्ण आली, आणि मामांचे स्वतःचे मराठी गाणे दोन मिनिटांतच, ओळीच्या मधोमध, खट्कन तुटले. चार इंग्रजी गाणी जगात इतरत्रही आहेत. उरलेली पाच मिनिटे कोठेही नाहीत. त्या तरुण शिक्षकांना मी 'हो' म्हटले असते तर ती असती. माझी मामेबहीण ते दोन मिनिटांचे गाणे अजूनही ऐकते. मला कधी बोल लावीत नाही, आणि तेच मला अधिक लागते.

नाट्यसंगीत आणि शास्त्रीय संगीत यांच्या बाबतीत आपल्या लोकांनी हे शहाणपण दाखविले आहे. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली. तिच्या कार्यात सुरेश चांदवणकर या मराठी वैज्ञानिकाने आयुष्याची अनेक वर्षे वेचली. तबकड्या जमवून कपाटात कुलूपबंद न ठेवता, श्रोत्यांना बोलावून त्या ऐकविणे, त्यांची माहिती लिहिणे, नियतकालिकातून ती सर्वांपुढे ठेवणे, ही त्या मंडळींची रीत. असे न झाले तर काय होते? बडोदे संस्थानातील कठोर गावी १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू. १९२२ साली ते गेले. त्यांचे गाणे मुद्रित स्वरूपात आपल्यासाठी उरलेले नाही. शिष्यांच्या गाण्यावरून गुरूच्या गाण्याचा अंदाज करीत बसणे, एवढेच आपल्या हाती आहे. रॉकच्या त्या पिढीला तर असे शिष्यही नाहीत. कॅसेट गेली की सर्वच गेले.

येथे कायद्याचा प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. आपल्या देशात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७१ साली निघालेली तबकडी २०३१ अखेरपर्यंत संरक्षित आहे, मग ती बाजारात मिळो वा न मिळो. शब्द आणि चाल यांचे हक्क आणखी निराळे. तेव्हा कंपनीने काढलेल्या जुन्या तबकडीच्या प्रती करून विकणे हे योग्य नव्हे. परंतु मित्रमंडळींस घरी बोलावून ती ऐकविणे, तिची माहिती टिपून ठेवणे, अभ्यासू संग्राहकाला ती दाखविणे, यास कोण अडवितो? आणि घरात, गणेशोत्सवात, महाविद्यालयाच्या संमेलनात आपल्याच माणसांनी गायिलेले जे मुद्रण असेल, त्याचे वाटप तर त्यांच्या संमतीने निश्चिंतपणे करावे.

शेवटी, अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात आणि उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. व्हायनलच्या मळलेल्या तबकडीस शुद्ध केलेल्या पाण्याने, मधला कागद भिजू न देता, हलक्या हाताने धुवावे. कॅसेट भिजली असेल तर, मी केले तसे, कदापि लगेच वाजवू नये. चिखल वाळण्याच्या आत फीत स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, जाणत्या माणसाकडून नव्या डबीत चढवून घ्यावी. संगणकावर उतरविताना मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात, शक्य तर ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाची ठेवावी, आणि आप्तांना पाठविण्यासाठी लहान प्रत निराळी करावी. कोण गाते, कोठे, कोणत्या वर्षी, हे लिहून ठेवावे, कारण नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांत परका होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आपण महाराष्ट्राबाहेरील मंडळी. आपले नातलग बडोद्यास, इंदुरास, हैदराबादेस, पुण्यास विखुरलेले. एरवी या विखुरलेपणाची आपण खंत करतो, पण एका नदीचा पूर सर्व गावांना एकाच दिवशी येत नाही.

तेव्हा या दिवाळीत माळ्यावरून पिशवी खाली आली तर ती जरा उघडून पाहावी. एखाद्या कॅसेटवर पुसट शाईत काकांचे, आत्याचे, कोण्या विसरलेल्या बँडचे नाव असेल. आपल्याला ते संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. माझ्या आजीला मामांचे गाणे शेवटपर्यंत आवडले नाही. पण तालमीच्या त्या फितीत, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, तिचाच आवाज ऐकू येतो: "अरे, चहा ठेवलाय, या आता." बडोद्याच्या प्रतीत तो शाबूत आहे. त्यानंतर मी त्या प्रतीच्या सात प्रती केल्या आणि सात गावी पाठविल्या. पहिली त्या शिक्षकांना दिली.