ओटीवरचं केंद्र सरकार

टपाल खात्यात माणसं किती, त्यांना पगार किती मिळतो आणि ऑफिसं कुठे आहेत, यावर लिहायला संपादकांनी सांगितलं होतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरकारी कागदांत सापडली. तिसऱ्याचं उत्तर शोधायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत जावं लागलं. तिथलं पोस्ट ऑफिस एका घराच्या ओटीवर आहे.

देशात सुमारे 1 लाख 65 हजार टपाल कार्यालयं आहेत. एवढं मोठं जाळं जगात दुसरं नाही. मात्र त्यातली जवळपास 1 लाख 40 हजार शाखा डाकघरं आहेत, आणि ती चालवणारे अडीच लाखांहून अधिक ग्रामीण डाक सेवक खात्याच्या नियमित नोकरवर्गात मोडत नाहीत. ही व्यवस्था इंग्रजांच्या काळातली. गावातला शाळामास्तर किंवा दुकानदार आपलं काम सांभाळून दोन-तीन तास टपाल बघायचा आणि त्याला थोडा मोबदला मिळायचा. पुढे त्यांना ‘अतिरिक्त विभागीय’ म्हणू लागले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात सांगितलं, की ही माणसं नियमित सेवेबाहेर असली तरी त्यांचं पद नागरी पदच आहे आणि घटनेच्या कलम 311चं संरक्षण त्यांना लागू होतं. वेतन आयोगाच्या कक्षेत मात्र ती आजही येत नाहीत. त्यांच्यासाठी दर वेळी वेगळी समिती बसते.

या वाडीतल्या पोस्टमास्तर एक ताई आहेत. दहावीच्या गुणांवर निवड झाली. सायकल चालवता येणं ही नोकरीची अट होती, आणि उपजीविकेचं दुसरं साधन असणं हीसुद्धा. म्हणजे या पगारावर घर चालणार नाही, हे खातं नेमणुकीच्या वेळीच मान्य करतं. ताईंकडे थोडी कलमं आहेत आणि नवऱ्याची रिक्षा आहे. तिसरी अट सगळ्यांत विलक्षण: ऑफिससाठी जागा उमेदवाराने स्वतः द्यायची. त्यामुळे ओटीच्या एका टोकाला टेबल, लोखंडी पेटी आणि भिंतीवर व्याजदरांचा तक्ता असं केंद्र सरकार थाटलेलं आहे. पलीकडच्या टोकाला सासूबाई सुपारी कातरत बसतात.

सकाळी ताई पितळी शिक्क्यातली तारीख बदलतात. आकडे एवढेसे, चिमटीत धरून बसवावे लागतात. मग आधी वहीत ठसा उमटवून पाहायचा. सब ऑफिसातून थैली येते. ती उघडून आतल्या यादीशी एकेक नग ताडून बघायचा. रोख किती ठेवायची याची मर्यादा ठरलेली असते. त्यापुढचे पैसे थैलीतून वर पाठवायचे, कमी पडले तर मागवून घ्यायचे. दिवसाचा हिशेब पैशापर्यंत जुळला नाही तर टेबल सोडायचं नाही. हातात मोबाइल आला, व्यवहार ऑनलाइन झाले, तरी थैली, शिक्का आणि हिशेब ही साखळी तुटलेली नाही. ती इतक्या काटेकोरपणे पाळली जाताना पाहून मला या खात्याबद्दल पूर्वी नव्हता एवढा आदर वाटला.

एकेकाळी मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातली घरं चालायची. आता निराधार योजनेचे पैसे असतात, सुकन्या खाती असतात, आधारवर अंगठा लावून काढलेली हजार-पाचशेची रक्कम असते. 2018च्या सप्टेंबरात पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली आणि पुढे अशा ओट्यांवर बँकेचे व्यवहारही होऊ लागले. एक आजी अंगठा लावायला आल्या होत्या. रेषा झिजलेल्या, यंत्र घेईना. ताईंनी त्यांचा हात ओल्या फडक्याने पुसला, बोट बदललं, रेंजसाठी अंगणात नेलं. “बस गो आजी, होतंय,” म्हणत पाऊण तासाने पैसे हातात दिले.

हा पाऊण तास कुठल्या हिशेबात धरायचा? ताईंची नोकरी कागदावर चार तासांची आहे. ग्रामीण डाक सेवकांसाठी बसलेल्या कमलेश चंद्र समितीने 2016च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. तो लागू व्हावा म्हणून 2018च्या मे महिन्यात देशभर संप झाला, आणि जूनमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तेव्हापासून चार तासांच्या शाखेच्या पोस्टमास्तरला मूळ 12,000, पाच तासांच्या शाखेला 14,500, आणि टपाल वाटणाऱ्या चार तासांच्या सेवकाला 10,000 मिळतात. त्यावर महागाई भत्ता. शहरातल्या नियमित पोस्टमनची सुरुवातच 21,700 पासून होते. नियमित निवृत्तिवेतन ताईंना नाही. पासष्टाव्या वर्षी थांबायचं आणि त्या वेळी एकरकमी जे हाती येईल ते घ्यायचं.

वरून उद्दिष्टं येतात: इतकी खाती उघडा, इतक्या विमा पॉलिसी द्या. त्यासाठी दुपारनंतर वाड्या फिराव्या लागतात. टपाल वाटणारा रजेवर असला की ते कामही ताईंवर पडतं. लाडकी बहीण योजनेच्या वेळी 2024च्या जुलैत रात्रीपर्यंत बायका या ओटीवर बसून होत्या. “चार तासांनी दार लावलं तर उद्या याच लोकांना तोंड कसं दाखवू?” ताई म्हणाल्या. घर आणि ऑफिस एकच असल्यावर बंद होण्याची वेळ राहतच नाही. खात्याला ही मोठीच सोय झाली आहे, आणि तिची किंमत ताईंचं कुटुंब देतं.

ताई निवृत्त झाल्या की नवा उमेदवार आपल्या घरी जागा देईल आणि पोस्ट ऑफिस तिकडे जाईल. कोकणातल्या मिटलेल्या घरांच्या गावात असा उमेदवार मिळेलच याची शाश्वती नाही. ग्रामपंचायतीच्या इमारतीत एक खोली कायमची पोस्टाला देता येते, आणि ते काम आधी व्हायला हवं. ग्रामीण डाक सेवकांसाठी पुढची समिती बसेल तेव्हा तिच्या सदस्यांनी दिल्लीत तक्ते तपासण्याआधी निराधार योजनेचे पैसे वाटण्याच्या आठवड्यात अशा एखाद्या ओटीवर पूर्ण दिवस बसावं, आणि तासांची मोजणी तिथून सुरू करावी.