कालपर्यंत चालत होता

स्कॅनर अडला की दुकानदार आधी ड्रायव्हरला शिव्या देतो, आणि कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर लिनक्सला. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याकडच्या एका झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात मला बोलावलं, तेव्हा दोन्ही देऊन झाल्या होत्या. "कालपर्यंत चालत होता, भाऊ." खोळंबलेल्यांत समग्र आयडीतलं नाव दुरुस्त करायला आलेली एक बाई होती, शिष्यवृत्तीवाली पोरं होती आणि शेताची ऋण पुस्तिका पिशवीत गुंडाळून आलेले एक आप्पा होते. कॉम्प्युटर जुना. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, ११ या मशीनवर बसेना, म्हणून लिनक्स मिंट टाकलेलं.

ड्रायव्हर पुन्हा टाकायचा मोह इथे आवरावा लागतो. लिनक्सवर बहुतेक फ्लॅटबेड स्कॅनर 'सेन' नावाची व्यवस्था चालवते. स्कॅनरच्या एकेका गटासाठी तिच्यात वेगळा बॅकएंड असतो आणि तो सहसा सिस्टिमबरोबरच आलेला असतो. त्यामुळे स्कॅनर कुणाकुणाला दिसतो, हे खालून वर विचारत जायचं. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा सांगते की कर्नलला तो दिसतो का. 'सेन-फाइंड-स्कॅनर' सांगते की यूएसबीवरची ही वस्तू स्कॅनरसारखी वाटते का. 'स्कॅनइमेज -एल' सांगते की बॅकएंडने त्याला ओळखलं का. 'सुडो' म्हणजे ॲडमिनचे अधिकार लावून सापडतो आणि लावल्याशिवाय सापडत नाही, असं असेल तर स्कॅनर धडधाकट आहे, अडलंय ते परवानगीपाशी. इथे ते नव्हतं. एकदा दिसायचा, एकदा गायब, सुडो लावा किंवा लावू नका.

एलएसयूएसबीच्या यादीत स्कॅनरच्या नावाआधी बस आणि डिव्हाइसचे आकडे असतात. पहिल्यांदा डिव्हाइस ४ होतं, थोड्या वेळाने ६, मग ९. केबलला कुणी हात लावलेला नव्हता. वायर काढून पुन्हा लावली की कर्नल नवा आकडा देतो, म्हणजे हा स्कॅनर आपला आपणच तुटत होता आणि जुळत होता. कर्नलच्या नोंदी दाखवणारी 'डीमेसेज -डब्ल्यू' ही आज्ञा चालू ठेवून स्कॅनचं बटण दाबलं. आतली पट्टी हलायला लागली आणि पडद्यावर 'यूएसबी डिस्कनेक्ट'ची ओळ उमटली. पाठोपाठ एरर -७१, म्हणजे यूएसबीवरचं बोलणं अर्धवट तुटलं.

या सपाट, हलक्या स्कॅनरना वेगळा अडॅप्टर नसतो, वीजही त्याच केबलमधून. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलीअँपिअरपर्यंत द्यावी असा नियम आहे. नुसता पडून असताना स्कॅनरला थोडी पुरते, मोटर सुरू झाली की मागणी वाढते. हा जोडला होता कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला. तिथून मदरबोर्डपर्यंत आणखी एक बारीक वायर जाते, आणि शेजारी पॉवरलूम असल्यामुळे त्या पोर्टात कापसाची लव घट्ट बसली होती. टॉर्च मारल्यावर दुकानदारालाच हसू आलं. केबल मागे लावली, आकडा चढायचा थांबला. बाईंचं आधार कार्ड स्कॅन झालं.

आप्पांची पुस्तिका काचेवर ठेवली आणि पुन्हा 'डिव्हाइस आय/ओ एरर'. वायर काढून लावली की एक पान येई, दुसऱ्या पानाला अडे. अशा वेळी माणूस पहिलं निदानच चुकलं असं धरून चालतो. पण डीमेसेज गप्प होता, आकडाही जागचा हलला नव्हता. मागे लावताना केबल निळ्या पोर्टात गेली होती. निळा म्हणजे यूएसबी ३, त्याचा कंट्रोलर वेगळा, आणि काही जुन्या स्कॅनरचं त्याच्याशी असं पहिल्या स्कॅननंतर बिनसतं. सेनमध्ये त्यासाठी 'सेन यूएसबी वर्कअराउंड' नावाचं एक व्हेरिएबल आहे, त्याला १ ही किंमत द्यायची. या जुन्या मदरबोर्डवर शेजारी काळे पोर्ट होते, ते यूएसबी २ च्या कंट्रोलरवर. मी केबल तिथे लावली. साधा उपाय हाताशी असताना सेटिंग कशाला वाढवा?

पुस्तिकेची पानं सरळ येत गेली. रेझोल्यूशन मात्र १२०० वर ठेवलेलं. "क्लिअर येतं ना!" ३०० च्या सोळापट पिक्सेल, आणि पोर्टलवर फाइल चढवायला शेवटी केबीतच बसवायची. ते ३०० केलं.

शिवणीजवळची अक्षरं तरी पुसटच राहिली. दुकानदाराने लगेच मान लिनक्सकडे वळवली. पण या स्कॅनरचा सेन्सर काचेला जवळजवळ चिकटून चालतो, कागद थोडा उचलला गेला तरी त्याला धूसर दिसतं. आरसे आणि भिंगवाले सीसीडी स्कॅनर जाडजूड असतात, त्यांना अशी खोली बरी पेलते. आप्पा पुस्तिकेची शिवण उसवू देणार नव्हते. ती दोन पानं दुकानदाराने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरून पुन्हा घेतली.