एका मिनिटाची शर्यत

तुमच्यापैकी बरेच जण सायकल चालवतात. उतारावर सायकल वेगात आली की हात आपोआप ब्रेककडे जातो. आता कल्पना करा, की तुमच्या गाडीला ब्रेकच नाही. शिवाय ती सायकल नसून मोटारसायकल आहे. समोर वळण आहे आणि शेजारी आणखी तीन मोटारसायकली धावत आहेत. अशा गाड्यांची शर्यत खरोखरच असते. या खेळाला ‘स्पीडवे’ म्हणतात.

‘शर्यत’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. उर्दूत ‘शर्त’ म्हणजे अट किंवा पैज. मराठीत ‘शर्यत’ म्हणजे पुढे जाण्याची चुरस. उर्दूत ज्याला आपण ‘रफ्तार’ म्हणतो, तो मराठीत ‘वेग’. या पाठात आपण शर्यत आणि वेग या दोन्ही गोष्टींचा विचार करणार आहोत.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात वेस्ट मेटलंड नावाचे गाव होते. तेथील प्रदर्शनाच्या मैदानावर १५ डिसेंबर १९२३ रोजी रात्री, विजेच्या दिव्यांच्या उजेडात, मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. स्पीडवेची सुरुवात तेथून झाली असे सामान्यपणे मानतात. पुढे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे अशा शर्यती भरल्या. तेथे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. मग इंग्लंडमध्ये गावोगावी हा खेळ सुरू झाला. १९३६ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग पहिला जगज्जेता ठरला.

स्पीडवेची गाडी आपल्या रस्त्यावरच्या गाडीपेक्षा वेगळी असते. तिचे इंजिन ५०० सीसीचे असते. ते पेट्रोलवर नव्हे, तर मिथेनॉलवर चालते. इंजिनात वंगण म्हणून बरीच वर्षे एरंडेल तेल वापरत. होय, तेच एरंडेल! जळालेल्या एरंडेलाचा तो वास म्हातारपणीही विसरता येत नाही, असे जुने शौकीन सांगतात. गाडीला ब्रेक नसतो, कारण एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागून येणारा त्याच्यावर आदळेल.

मग वळण कसे घेतात? धावपट्टी लंबवर्तुळाकार असून तिच्यावर मोकळ्या मातीचा किंवा बारीक खडीचा थर असतो. स्वार सतत डावीकडे वळत जातात. वळण आले की स्वार मूठ पिळून मागचे चाक जोरात फिरवतो. ते चाक मातीवर घसरते आणि बाहेरच्या बाजूला जाते. गाडी आडवी होऊ लागते. तिला सावरण्यासाठी पुढचे चाक मात्र उजवीकडे ठेवावे लागते. म्हणजे वळायचे डावीकडे आणि हँडल उजवीकडे! डावा पाय जमिनीला टेकवून स्वार तोल सांभाळतो. पाय झिजू नये, म्हणून डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो.

एका शर्यतीत चार स्वार आणि चार फेऱ्या असतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. सारा खेळ साधारण एका मिनिटात आटोपतो. प्रेक्षक हातात छापील कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिल घेऊन बसतात. शर्यत संपली की जिंकणाऱ्याची वेळ ध्वनिक्षेपकावरून सांगितली जाते आणि प्रेक्षक ती रकान्यात लिहून घेतात. त्या मैदानावर पूर्वी कोणीही घेतला नसेल एवढा कमी वेळ कोणी घेतला, तर तो त्या धावपट्टीचा विक्रम होतो.

आता थोडे गणित करू या. समजा, धावपट्टीची लांबी ३०० मीटर आहे. चार फेऱ्या म्हणजे १,२०० मीटर. विजेत्याला ६० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. तुम्ही म्हणाल, “एवढेच? आमच्या गावाची एस. टी. सुद्धा एवढ्या वेगाने जाते!”

पण थांबा. ही सरासरी आहे. स्वार उभ्या गाडीने, शून्य वेगाने निघाला होता. प्रत्येक वळणावर त्याचा वेग कमी झाला होता. म्हणजेच सरळ भागात त्याचा वेग ७२ पेक्षा पुष्कळ जास्त असला पाहिजे. प्रत्यक्षात सरळ भागात या गाड्या ताशी १०० किलोमीटरपेक्षाही जोरात जातात.

आणखी एक गोष्ट पाहा. धावपट्टीची लांबी आतल्या कडेजवळून मोजतात. समजा, आपला स्वार वळणावर त्या रेषेपासून पाच मीटर बाहेरून गेला. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र वापरा. त्याला प्रत्येक फेरीत सुमारे ३१ मीटर जास्त कापावे लागले. चार फेऱ्यांत हे अंतर सुमारे १२५ मीटर होते. तेवढ्याच ६० सेकंदांत त्याने ही वाढीव वाट कापली. म्हणून त्याची खरी सरासरी ताशी जवळजवळ ८० किलोमीटर होती. घड्याळातली वेळ तीच, पण वेग निराळा! शिवाय पाऊस पडला, माती ओली झाली किंवा आधीच्या शर्यतींनी तिच्यात चर पडले, तर वेळ पुन्हा बदलते. म्हणून एका मैदानाच्या विक्रमाची तुलना दुसऱ्या मैदानाच्या विक्रमाशी करता येत नाही.

माझ्या अब्बांचे एक मामू रत्नागिरी जिल्ह्यातून इंग्लंडला गेले होते. मँचेस्टरजवळच्या एका कापडगिरणीत ते काम करत. शनिवारी संध्याकाळी सोबतच्या कामगारांबरोबर ते बेल व्ह्यू संघाच्या हाइड रोड मैदानावर जात. तेथे त्यांनी न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरला पाहिले. मेजर १९६९ ते १९७२ या काळात त्या संघात होता आणि त्याने एकूण सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. पुढे त्यांनी १९७६ सालचा जगज्जेता पीटर कॉलिन्स यालाही पाहिले. त्यांच्या कार्यक्रमपत्रिका पेन्सिलीच्या आकड्यांनी भरलेल्या होत्या. ते म्हणत, “बेटा, घड्याळ फक्त पहिल्यासाठी लावतात. बाकीच्या तिघांची मेहनत आपणच लक्षात ठेवायची असते.”

हाइड रोडचे मैदान १९८७ साली बंद झाले. नंतर त्या जागी मोटारगाड्यांचा लिलाव होऊ लागला. तेथील धावपट्टीचा विक्रम आता कोणीही मोडू शकणार नाही. घड्याळे आहेत, स्वार आहेत. पण धावपट्टीच उरली नाही. ती आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे.

याच बेल व्ह्यू संघात मामू तेथे पोहोचण्यापूर्वी पीटर क्रेव्हन नावाचा स्वार होता. तो अंगाने लहानखुरा, पण तोल सांभाळण्यात पटाईत होता. १९५५ आणि १९६२ साली तो जगज्जेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरा येथील एका शर्यतीत त्याच्या पुढचा स्वार पडला. ब्रेक नव्हताच. पडलेल्या माणसाच्या अंगावर गाडी जाऊ नये, म्हणून क्रेव्हनने ती वळवली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. पडलेला स्वार वाचला.

त्या शर्यतीत क्रेव्हनला एकही गुण मिळाला नाही. वेगाच्या कोणत्याही तक्त्यात त्या क्षणाची नोंद नाही. तरीही त्याच्या चाहत्यांनी तो क्षण जपून ठेवला. २०१६ साली मँचेस्टरमध्ये स्पीडवेसाठी नवे मैदान बांधले गेले. तेथील पहिल्या शर्यती क्रेव्हनच्या स्मरणार्थ ठेवल्या होत्या. परंतु धावपट्टी सुरक्षित नाही असे दिसून आल्यामुळे त्या दिवशीच्या शर्यती रद्द करण्यात आल्या. प्रेक्षक निराश झाले असतील. पण क्रेव्हनच्या नावाने भरलेल्या शर्यतीत दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात घालणे कसे शोभले असते? आता मोठ्या शर्यतींच्या वेळी वळणांवर हवा भरलेल्या गाद्यांचे कुंपणही लावतात.

मित्रांनो, धावणे असो, पोहणे असो, की परीक्षेतील गुण असोत, विक्रमाचे आकडे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. आकडा खोटा नसतो. पण तो सगळे सांगत नाही. म्हणून आकडा वाचला की विचारा : अंतर कोठून मोजले? परिस्थिती कशी होती? आणि ज्यांचा आकडा छापला गेला नाही, त्यांनी काय केले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणित देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांच्याजवळ बसून ऐकावे लागेल.