ताका खंय व्हरतात?

डिचोलीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा वार्षिक परीक्षा संपली की सातवीच्या मुलांना मी चार्ली चॅप्लिनचा 'द किड' दाखवायची. फळ्यावर पांढरी चादर, खिडक्या बंद, मुलं दाटीवाटीनं जमिनीवर. १९२१ चा मूकपट, त्यामुळे घरी कोकणी बोलणारं मूल असो की मराठी, कुणाचंच काही अडत नसे.

फुटक्या काचा बसवून पोट भरणाऱ्या एका फाटक्या माणसाला गल्लीत टाकलेलं तान्हं पोर सापडतं. तो ते वाढवतो. पाच वर्षांनी पोर आजारी पडतं, डॉक्टर येतात आणि बाप कोण, हे विचारतात. हक्काचा कागद कुठला असणार? अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत कोंबतात. ते हात पसरून रडतं. एका वर्षी तिथंच एक मुलगी ताडकन उभी राहिली. पेडण्याची, मामाकडे राहून शिकणारी. "बाई, ताका खंय व्हरतात?" त्याला कुठं नेतात?

त्या पोराचं काम करणारा जॅकी कूगन १९२४ साली, नऊ वर्षांचा असताना, गावोगाव फिरला आणि पहिल्या महायुद्धात पोरक्या झालेल्या आर्मेनियन व ग्रीक मुलांसाठी सुमारे दहा लाख डॉलरचं अन्न नि कपडे जमवले. हे मी वर्गात सांगितलं. पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढे बालाचडीच्या हकिकतीत सापडलं.

दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या हद्दपारीतून सुटलेल्या शेकडो पोलिश मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ पासून जामनगरजवळ बालाचडीच्या छावणीत ठेवून घेतलं. "मी तुमचा बापू," असं ते मुलांना सांगत. युद्ध संपलं आणि मुलांना कम्युनिस्ट पोलंडमध्ये परत पाठवण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा जामसाहेब, छावणीप्रमुख फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी क्लार्क यांनी ती मुलं रीतसर दत्तक घेतली. सिनेमातल्या बापाजवळ जो कागद नव्हता, तो त्यांनी केला. माया त्या फाटक्या माणसाचीही तेवढीच होती, पण मूल राखायला कागदही लागतो.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुलं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली. तिथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपल्याकडून किती माणसं जातात! पुढच्या खेपेला मुलाबाळांना घेऊन तिथल्या महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभही पाहून या.