मुलाखतीत "एखादा प्रसंग सांगा" म्हटलं तर काय सांगायचं?

जुन्नर-आंबेगावमधून चाकण, रांजणगाव किंवा पुण्यात मुलाखतीला जाणारे तरुण-तरुणी अभ्यासक्रमाची तयारी करून जातात. मग समोरून येतं, "अचानक अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलं, एखादा प्रसंग सांगा." यावर "सर, मी फ्रेशर आहे, अनुभव नाही" असं म्हटलं की संधी गेली. कारण इथे नोकरीचाच अनुभव विचारलेला नसतो.

असे प्रश्न का विचारतात?

"तुम्ही जबाबदार आहात का?" याला कुणीच "नाही" म्हणत नाही. माणूस आधी कसा वागला, यावरून पुढे कसा वागेल याचा अंदाज मात्र येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी काम करताना नुसत्या मतांऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करण्यावर भर दिला. १९५४ मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. आजच्या या प्रश्नांमागे तोच विचार आहे.

प्रसंग कुठे शोधायचे?

घरात आणि गावातच. उदाहरणार्थ:

- टोमॅटो, कांदा किंवा द्राक्षाच्या हंगामात मजूर, गाडी आणि बाजारभाव यांचा मेळ घालणं
- बिबट्याच्या भीतीमुळे रात्रीच्या पाण्याच्या पाळीचं नियोजन बदलणं
- पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करून, वाळवून विकणं
- गणेश मंडळाचा हिशेब किंवा एनएसएस शिबिरातली जबाबदारी
- कॉलेजच्या प्रोजेक्टमधला वाद मिटवणं

उत्तराचे चार भाग

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'स्टार' पद्धत म्हणतात. पहिले दोन भाग दोन-तीन वाक्यांत संपवा. जास्त वेळ कृतीला द्या.

समजा, एखाद्याने असं उत्तर दिलं: "तोडणीला मजूर आले नाहीत, पण आम्ही सगळ्यांनी मिळून केलं आणि माल गेला." यातून मुलाखतकाराला काहीच कळत नाही. तोच प्रसंग असा सांगता येईल:

"टोमॅटोच्या तोडणीला आठपैकी पाच मजूर आले नाहीत. माल त्याच दिवशी नारायणगाव मार्केटला न्यायचा होता आणि ते काम माझ्याकडे होतं. मी आधी फक्त पिकलेला माल तोडायचं ठरवलं, कच्चा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. शेजारच्या दोघांना मदतीला बोलावलं, बदल्यात त्यांच्या तोडणीला जायचं कबूल केलं. ६० पैकी ४२ क्रेट वेळेत गेले. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळीच मजुरांना फोन करून खात्री करतो."

इथे सगळा माल गेला नाही, तरी उत्तर चांगलं आहे. निर्णय कुणी घेतला, का घेतला आणि त्यातून काय शिकला, हे त्यात दिसतं.

'आम्ही'मध्ये 'मी' हरवू देऊ नका

आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलतानाही सहज "आम्ही केलं" म्हणतात. "मी, मी" करणं बढाईचं वाटतं. कधी "झालं", "मिटलं" म्हणून कर्ताच गाळला जातो. पण नोकरी एकट्या तुम्हाला द्यायची असते. म्हणून इतरांचं श्रेय त्यांना द्या आणि आपला वाटा स्पष्ट सांगा: "हिशेब दादाने ठेवला, गाडीची व्यवस्था मी केली."

तयारी कशी करायची?

१. अडचण, मतभेद, चूक, पुढाकार आणि नवीन शिकणं या पाच विषयांवर एकेक खरा प्रसंग वहीत लिहा.

२. पाठ करू नका. प्रत्येक प्रसंगाचे चार-पाच मुद्देच लक्षात ठेवा.

३. घरातल्या कुणाला तरी दीड-दोन मिनिटांत सांगून पाहा आणि त्यांना "मग?", "असंच का केलं?" असे उलट प्रश्न विचारायला सांगा. इंटरनेटवरून उचललेली गोष्ट इथेच उघडी पडते.

४. चुकीचा प्रसंग विचारला तर खरी चूक सांगा आणि ती कशी दुरुस्त केली तेही सांगा. "माझं कधी चुकत नाही" किंवा "चूक दुसऱ्याची होती" ही दोन्ही उत्तरं टाळा.

५. इंग्रजीत अडखळत असाल तर "मराठी किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असं सुरुवातीलाच विचारा.