दूरशिक्षणातील तंत्रविद्या
शिक्षक व विद्यार्थी एकाच वर्गात उपस्थित नसताना मुद्रित पाठ, नभोवाणी, दूरचित्रवाणी, संगणक इ. साधनांच्या द्वारे चालणाऱ्या अध्यापनास दूरशिक्षण म्हणतात. त्यात दोन कार्ये साधावी लागतात : पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे व विद्यार्थ्याची शंका शिक्षकापर्यंत नेऊन तिचे उत्तर परत आणणे. पहिले कार्य प्रत्येक नव्या साधनाने सुकर केले. दुसरे मात्र दीर्घकाळ मागे राहिले.

इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये टपालाने लघुलिपी शिकविण्यास प्रारंभ केला. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. या पद्धतीत शंकेस उत्तर मिळे, पण विलंबाने. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९६९) मुद्रित पाठांना नभोवाणी व दूरचित्रवाणी यांची जोड दिली.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नासिक येथे स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. मराठीतील स्वयंअध्ययन पुस्तके, अभ्यासकेंद्रे व तेथील संपर्कसत्रांत मार्गदर्शन करणारे समंत्रक ही त्याच्या कार्यपद्धतीची प्रमुख अंगे होत. बारावी उत्तीर्ण नसलेल्या प्रौढांसही पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे त्याने पदवीची वाट मोकळी केली.

उपग्रहामुळे ध्वनिचित्र पाठ देशभर एकाच वेळी दाखविणे शक्य झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्चशिक्षणविषयक कार्यक्रम १९८४ पासून इन्सॅट-१ ब उपग्रहाद्वारे दूरदर्शनवर प्रक्षेपित होऊ लागले. तथापि ते प्रामुख्याने इंग्रजीत असत, त्यांची वेळ ठरलेली असे आणि प्रेक्षकास प्रश्न विचारता येत नसे. केवळ शिक्षणासाठी योजिलेला एज्युसॅट हा भारतीय उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला. त्याच्या योगे काही ठिकाणी परस्परसंवाद साधला. मात्र त्यासाठी विद्यार्थ्यास ग्राहक-केंद्रापर्यंत जावे लागे. २०१० मध्ये या उपग्रहाची सेवा संपली.

इंटरनेटने वेळ व स्थळ ही दोन्ही बंधने सैल केली. ध्वनिमुद्रित व्याख्यान हवे तेव्हा थांबवून पुन्हा ऐकता येते आणि शंकेस त्याच दिवशी उत्तर मिळू शकते. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे अध्ययनपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्याद्वारे मिळविण्याची मुभा विद्यापीठीय विद्यार्थ्यांस दिली. २०२० मधील टाळेबंदीत नियमित महाविद्यालयांनाही हीच साधने अवलंबावी लागली. घरात एकच भ्रमणध्वनी असणे, संदेशवहन क्षीण असणे, वीज खंडित होणे या उणिवा त्या वेळी ठळकपणे दिसून आल्या.

या बदलाचे मोल ग्रामीण भागात नीट कळते. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये आश्रम स्थापिला व भजनांच्या द्वारे लोकशिक्षण केले. त्या शिक्षणात श्रोता समोर असे. न उमगलेले त्याच्या मुद्रेवरून कळे. आज अशा गावातील शेतमजूर युवकास किंवा गृहिणीस मुक्त विद्यापीठाच्या अमरावती विभागीय केंद्राकडे प्रत्येक कामासाठी खेप घालावी लागत नाही; प्रवेश, पुस्तक व व्याख्यान भ्रमणध्वनीवर मिळू शकतात. परंतु न उमगलेला भाग कोणता, हे यंत्रास मुद्रेवरून उमगत नाही, आणि शाळा सोडून अनेक वर्षे लोटलेला विद्यार्थी तो स्वतःहून विचारीलच, असे नाही. अशा वेळी जवळचे अभ्यासकेंद्र व नावाने ओळखणारा समंत्रक यांचा आधार नसेल, तर शिक्षणक्रम मध्येच सुटण्याचा संभव वाढतो. म्हणून नव्या साधनांनी अभ्यासकेंद्राचे काम हलके केले, तरी त्याची गरज संपविलेली नाही.